जळायचे ते आणि टिकायचे ते

२०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली होती. त्या पहाटे गोव्यात वाड्यावाड्यांवर रात्रभर मिरवलेले नरकासुराचे पुतळे जळले. घरोघरी तेल-उटण्याच्या आंघोळी झाल्या, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटले, गोड-तिखट पोह्यांची ताटे मांडली गेली. आणि त्याच दिवशी दिवेलागणीला पर्वरीच्या आमच्या वसाहतीत जिन्याच्या कठड्यावर कागदाचे भोपळे, कवट्या आणि लांब नाकाची एक चेटकीण येऊन बसली, कारण हॅलोविन हा पाश्चात्त्यांचा भुताखेतांचा सणही ३१ ऑक्टोबरचाच. पहाटेच्या राखेत काठी घालून लोखंडी सळ्या शोधणारी मुले आणि संध्याकाळी भोपळ्यात दिवा लावणारी मुले एकच होती. रद्दी एकाच घरची, गोणपाट एकाच दुकानातला, खळीचे पातेले माझे.

मी शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे वसाहतीतली मुले मला अजून ‘टीचर’ म्हणतात आणि खळ शिजवायची वेळ आली की हक्काने दार वाजवतात. त्या आठवड्यात माझ्या गॅलरीत एका कोपऱ्यात नरकासुराचा मुखवटा वाळत होता, दुसऱ्या कोपऱ्यात भोपळा. एकाला एक रात्र काढायची होती आणि पहाटे ठिणगी लागताच पेटायचे होते. दुसऱ्याला दमट हवेत सजावटीचे दिवस काढून, माळ्यावर वर्ष घालवून, पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा खाली उतरायचे होते. कागदाच्या लगद्याला हात घालण्याआधी विचारायचा प्रश्न मला तेव्हापासून हाच वाटतो: हे जळायचे की टिकायचे? खळीत काय कालवायचे, थर किती द्यायचे, वरून काय फासायचे आणि काय मुळीच फासायचे नाही, हे सगळे त्या उत्तरावर ठरते.

भोपळा कागदाचा का, हे आधी सांगते. हॅलोविनची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडकडे, हिवाळा सुरू होताना येणाऱ्या एका जुन्या सणात आहेत. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची रीत होती. तिथून अमेरिकेला गेलेल्यांना भोपळा सापडला. तो मोठा, आतून मऊ, कोरायला सोपा. थंड, कोरड्या हवेत कोरलेला भोपळा काही दिवस तग धरतो. आमच्या ऑक्टोबरात तो बघता बघता पाणी सोडतो, आंबतो आणि चिलटे गोळा करतो. शिवाय खतखत्याच्या भाजीत पडायचा भोपळा चेहरा कोरून फेकून देणे माझ्या मनाला पटत नाही.

आणि हा सण इथे अगदी उपरा आहे, असेही म्हणता येत नाही. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन, आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. शेजारची आंटी त्या दिवशी फुले आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाते, कबर पुसते, मेणबत्ती लावते. मुलांनी पुठ्ठ्याच्या थडग्यांवर क्रूस काढलेले पाहून तिने त्यांना हाक मारली. रागावली नाही. म्हणाली, “पुतांनो, भूत करात, चेटकीण करात, पूण खुरीस काडूं नाकात.” मुलांनी मुकाट्याने त्यावर राखी रंगाचा हात फिरवला. भीतीचा खेळ कुठवर खेळायचा, हे त्या एका वाक्यात ठरून गेले आणि तो नेम आमच्याकडे आजही पाळला जातो.

आता कागद. या कामाला रोजचे वर्तमानपत्र सर्वांत उत्तम. त्याच्यावर लेप नसतो, ते पाणी पटकन पिते. रंगीत मासिकांच्या चकचकीत पानांवर चिनी मातीचा पातळ थर दिलेला असतो, तो खळ आत शिरू देत नाही. अंड्यांचे करडे ट्रे तर कारखान्यात ओतलेला लगदाच असतो, गरम पाण्यात टाकले की सहज सुटतात. वर्तमानपत्र फाडून पाहा. एका दिशेने ते सरळ फाटते, दुसऱ्या दिशेने वाकडेतिकडे. कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला लागतात, म्हणून असे होते. जिकडे सरळ फाटते तिकडूनच पट्ट्या काढायच्या. कात्रीला हात लावायचा नाही. फाटलेल्या कडेला तंतूंची बारीक झालर सुटते आणि ती शेजारच्या पट्टीत मुरून जाते. कापलेली कड मात्र रंगाच्या दोन हातांखालूनही दिसत राहते.

आमच्याकडे एक मराठी आणि एक इंग्रजी अशी दोन वर्तमानपत्रे येतात. गोव्यातल्या पुष्कळ घरांत येतात. मुलांना मी एक थर मराठीचा आणि त्यावर एक थर इंग्रजीचा द्यायला लावते. लिपी बदलली की कुठे थर सुटला ते लांबूनही कळते. थर सुटलेली जागा पुढे दबते, तिथूनच चीर जाते.

ताकद पट्ट्यांच्या थरांत असते आणि आकार लगद्यात. डोके, गाल, भोपळ्याचा गोल हे पट्ट्यांचे. नाक, भुवया, सुळे, सुरकुत्या लगद्याच्या. निव्वळ लगद्याचे मोठे डोके करू नये. ते जड होते, वाळायला अतोनात वेळ घेते आणि आक्रसून तडकते. बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले यांनी १७७२ साली पेटंट घेतले तेही खळीने एकावर एक चिकटवलेल्या कागदांच्या फळ्यांसाठी. त्या फळ्या तेलात मुरवून भट्टीच्या उबेत कडक करत आणि त्यांपासून तबके, टेबले, इतकेच काय घोडागाड्यांच्या बाजूच्या फळ्याही करत. कागदाची घोडागाडी पावसात चालते, हे ऐकून मुलांचा कागदाकडे पाहण्याचा डोळाच बदलला.

खळीसाठी एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा. उरलेले पाणी उकळायचे आणि त्यात ते मिश्रण बारीक धारेने सोडत ढवळत राहायचे. पांढुरकेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की गॅस बंद. काही जण कच्चा मैदा पाण्यात कालवून तसाच वापरतात. तो चिकटतो, पण मनापासून नाही. पिठातल्या स्टार्चचे कण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी पिऊन फुगतात आणि खरा चिकटपणा तेव्हा येतो. गार झालेली खळ घावनाच्या पिठाइतकी सैल असावी. पट्टी खळीत बुडवली की दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जास्तीची खळ परत पातेल्यात सोडायची. इथे हात आखडता घ्यावा. कागदात जितके पाणी कमी घालाल तितके नंतर बाहेर काढायला कमी.

खळ नासू नये म्हणून तीत मीठ घालण्याची सूचना अमेरिकेतल्या पुष्कळ कृतींत असते. तिथे ती चालत असेल. गोव्यात मी मीठ घालू देत नाही आणि याबद्दल मी फार आग्रही आहे. शुद्ध मीठसुद्धा हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलेच पाणी ओढून ओले होते. आपल्या आगरांतल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते याहून कितीतरी कमी दमटपणातही पाझरतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीच्या तळाशी साठलेले पाणी गोव्यातल्या कोणत्या घरात पाहिलेले नाही? तेच मीठ कागदाच्या पोटात भरले तर भोपळा सबंध वर्ष हवेतला ओलावा ओढत बसणार. वरून कितीही वॉर्निश लावा, ओलावा ओढणारा आतच बसलेला.

जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत. त्याने कसर आणि झुरळे जवळ येत नाहीत हे खरे, पण ते विष आहे, मुलांच्या हातांत नको. मी बोरिक पावडर घालते, कॅरमवर भुरभुरतात तीच. मोठ्या वाटीभर खळीला एक चमचा पुरतो. तीही तोंडात जाऊ द्यायची नसते, म्हणून अगदी लहान मुलांना मी कोरडी पट्टी फाडायच्या कामाला बसवते आणि सगळ्यांना हात धुवायला लावते. बोरिक बुरशीला आणि किडीला आवरते. त्याचा आणखी एक गुण आहे. बोरिक आणि टाकणखार (बोरॅक्स) यांनी कागदाचे तंतू सहजी पेट घेत नाहीत. कागदाच्या तंतूंपासून घरांच्या भिंतींत भरायचे उष्णतारोधक साहित्य करतात, त्यातही आगीला अडवायला हेच क्षार घातले जातात. म्हणजे भोपळ्याच्या खळीत बोरिक हवेच. नरकासुराच्या खळीत मात्र ते अजिबात नको. पहाटे पाच वाजता सगळा वाडा जमलेला असताना असुराने पेट घ्यायला कां कू करू नये.

लगद्याची कृती सांगायला थोडी आहे. कागदाचे कपटे गरम पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवायचे. पाणी कमी पडले तर मोटर तापते. पंचात बांधून पिळायचे. पिळलेले पाणी मोरीत ओतू नये, तंतू नळीत जाऊन बसतात. ते झाडांना घालावे. पिळलेला लगदा बोटांनी मोकळा करायचा आणि दोन वाट्या लगद्याला एक वाटी खडूची पूड, अर्धी वाटी फेव्हिकॉल, दोन-तीन चमचे खळ आणि एक चमचा जवसाचे तेल घालून मळायचे. खडूच्या पुडीने पृष्ठभाग बारीक होतो आणि घासता येतो, तेलाने बोटाखाली गुळगुळीत फिरतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतल्या प्राणवायूने वाळते, वाळताना तापते आणि बोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

अमेरिकेत अंगणात हॅलोविन मांडणारे लोक मोठ्या भुतांसाठी वेगळाच चिखल करतात. जिप्समच्या भिंतींचे सांधे भरायचा जॉइंट कंपाउंड नावाचा तयार लेप घेतात, पाच भाग लेपात एक भाग भिंतीचा रंग मिसळतात, त्यात गोणपाट बुडवतात आणि पाइपांच्या सांगाड्यावर पांघरतात. वाळले की झग्याच्या चुण्या तशाच उभ्या राहतात. मॉन्स्टर मड म्हणतात त्याला. हे वाचले तेव्हा मला आपला नरकासुरच आठवला: बांबूचा नाहीतर लोखंडाचा सांगाडा, आत सुके गवत, वरून गोणपाट आणि कागद. इकडे तो लेप सहज मिळत नाही, म्हणून लोक हार्डवेअरच्या दुकानातून वॉल पुट्टी आणतात. तिथे जरा नीट पाहून घ्यावे. पोत्यात पूड म्हणून मिळते ती पांढऱ्या सिमेंटची असते. ती पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते, बादलीत कालवून ठेवली तर बादलीतच दगड होतो, आणि कागदावर ती ठिसूळ बसते. डब्यात तयार मिळते ती अ‍ॅक्रिलिक पुट्टी पाणी उडून वाळते. भुताच्या झग्याला ही दुसरी चालते.

कालवणे एवढेच. मुलांचा सगळा उत्साह त्यात असतो आणि असावा. पण खरे काम त्यानंतर सुरू होते आणि त्यात हाताला काही करायचे नसते. वाट पाहायची असते.

गोव्यात ऑक्टोबर म्हणजे पावसाने निघायची तयारी केलेली असते, पण पाय निघालेला नसतो. दुपारी लख्ख ऊन, चार वाजता आभाळ भरून येते, विजा, एक जोराची सर, आणि रात्रभर हवा ओलसर. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला कागद आणि पीठ यांपेक्षा चांगले जेवण नाही. म्हणून एका बैठकीत तीनच थर द्यायचे. ते वाळले की पुढचे तीन. लगदा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. जाड हवा असेल तर दोनदा लावा. गोल आकारासाठी फुगवलेल्या फुग्यावर पट्ट्या चढवल्या असतील तर उन्हात मुळीच ठेवू नये. उन्हाने आतली हवा फुगते, रात्री ती आकसते, आणि या ओढाताणीत ओले थर फुग्यापासून सुटून सुरकुततात. सावलीत, पंख्याखाली, जाळीवर किंवा दोरीला टांगून, खालून-वरून हवा खेळेल असे ठेवावे. वस्तू चहूबाजूंनी बंद असेल तर तळाला एक भोक ठेवावे आणि ते अगदी शेवटी बुजवावे. आतली वाफ बाहेर पडायला तेवढीच वाट असते.

वाळले हे ओळखायचे कसे? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वरचा थर पहिल्यांदा वाळतो आणि पांढरा पडून फसवतो. गाल लावा. आत पाणी उरले असेल तर ते उडताना उष्णता घेते आणि तेवढी जागा गार लागते. बोटाच्या पेराने टिचकी मारा. ओल्या जागेचा आवाज दबका येतो, वाळलेल्याचा खणखणीत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचे. वजन उतरायचे थांबले म्हणजे त्या हवेत जेवढे पाणी जायचे तेवढे गेले. आमच्या वसाहतीतली एक मुलगी हे इतक्या निष्ठेने करते की भोपळ्याच्या वजनाचा तिने आलेखच काढला. आधी तो आलेख धाडकन उतरतो, मग हळू, मग आडवा होतो. तो आडवा होईपर्यंत ती कोणाला वॉर्निशच्या डब्याचे झाकणही उघडू देत नाही. या कामातली शिस्त मी तिच्या त्या वहीत पाहते.

कारण ओल्या कागदावर वॉर्निश लावणे म्हणजे ओल आत कोंडणे. वरून सुरेख चमक येते, एक-दोन आठवडे सगळे छान दिसते, मग रंगाला फोड येतात आणि फोड फोडला की आत काळी बुरशी. हवेतली ओल आत शिरू नये म्हणून लावलेला तोच लेप आतल्या ओलीलाही बाहेर येऊ देत नाही. लेपाला आत-बाहेर कळत नाही.

टिकवण्याच्या विद्येसाठी आपल्याला अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की पुढे महाराष्ट्रातली सावंतवाडी. तिथली गंजिफा, ती गोल हातरंगी पाने, पाहिली आहेत? कागदाचे नाहीतर कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप घोटायचा, वर चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चितारींना, म्हणजे रंगकाम करणाऱ्या कारागिरांना, बसवून ही कला पुन्हा उभी केली. कोकणातला पाऊस, खेळणाऱ्यांच्या हातांचा घाम, सगळे सोसूनही पाने टिकावीत म्हणून शोधलेली ही कृती आहे: थर, लेप, चित्र, लाख. भोपळ्याला मी हाच क्रम लावते. इकडे गोव्यात कुंकळ्ळीचे चितारीही लाकडावर लाखच चढवतात.

लाख वापरायची तर चपडा लाख आणावी, शंभर ग्रॅम लाख अर्धा लिटर स्पिरिटमध्ये टाकून रात्रभर ठेवावी, मधूनमधून हलवावी, पातळ फडक्यातून गाळावी. स्पिरिटात विरघळत असल्यामुळे ती कागदाला पुन्हा ओले करत नाही, हा तिचा मोठा गुण. पातळ हात द्यायचा, थोड्या वेळात वाळतो, मग दुसरा. पण संध्याकाळच्या दमट हवेत लावली की ती पांढरी पडते. स्पिरिट भराभर उडते, पृष्ठभाग गार होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि लाखेत धुके धरते. म्हणून लाखेचे काम कोरड्या दुपारी. दारे-खिडक्या उघड्या आणि आसपास समई, उदबत्ती, गॅस काही नको.

लाख नको असेल तर सोपा मार्ग घरातच पडलेला असतो. गोव्यात चतुर्थीच्या आधी घराला रंग काढतात आणि बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनचा अर्धा डबा कुठेतरी उरतोच. हा रंग पावसाला तोंड देण्यासाठीच बनवलेला असतो, वाळल्यावर किंचित लवचीक राहतो आणि वाफेला थोडी वाटही देतो. वाळलेल्या वस्तूवर आतून आणि बाहेरून त्याचे दोन हात, मग वरून रंगकाम, आणि शेवटी पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन पातळ हात. तेलातले वॉर्निश पुढे पिवळट होते. भोपळ्याला ते शोभते, कवटीला शोभत नाही. कवटीला पाण्यातले घ्यावे. बाहेर उन्हा-पावसात राहायचे असेल तर होड्यांना लावतात तसले लवचीक वॉर्निश. मालिमच्या जेटीकडे होड्या रंगवणाऱ्यांशी दोन शब्द बोललात तर पाणी लाकडात कुठून शिरते हे ते बोट ठेवून दाखवतील: सांध्यातून, कडेतून, तळातून. कागदाचेही तसेच. लोक भोपळ्याचा दर्शनी भाग तीनदा रंगवतात आणि तळ तसाच ठेवतात. जमिनीवरची ओल तळातूनच चढते. मुखवट्याची आतली बाजूही विसरू नये, माणसाचा श्वास तिथेच आदळतो.

कागद पाण्यावर किती विसंबून सोडता येतो, याची माझी आवडती गोष्ट १८७४ सालची आहे. नॅथॅनिएल बिशप नावाचा अमेरिकन गृहस्थ न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी बनवलेल्या कागदाच्या होडीत बसला आणि वल्ही मारत, खाड्या आणि किनारे धरत, फ्लोरिडापर्यंत गेला. कागदाचे थर साच्यावर बसवून, वाळवून, वॉर्निशने पाणरोधक केलेली ती होडी होती. वजन सुमारे २६ किलो. मुलांना ही गोष्ट सांगितली की कोणीतरी लगेच विचारते, “टीचर, आपण मांडवीत सोडायची का?” मी म्हणते, आधी भोपळा एक पावसाळा काढू दे.

दिव्याबद्दल एकच. लाख, वॉर्निश, कागद, सगळे जळाऊ. बोरिकने कागद पेट घ्यायला वेळ लावतो, तो अग्निरोधक होत नाही. भोपळ्यात मेणबत्ती किंवा पणती नाही. बॅटरीचा छोटा एलईडी दिवा, बस.

आणि नरकासुर? त्याला यातले काही नको. ना फेव्हिकॉल, ना बोरिक, ना वॉर्निश. साधी मैद्याची खळ, वर्तमानपत्र, गोणपाट, गवत, गेरू, काजळी, पोस्टर कलर. एका रात्रीत पाऊस आलाच तर वर प्लास्टिक धरायला वाड्यावरची पोरे असतातच, आणि पहाटे ते काढून घ्यायचे. हल्ली थर्माकोलचे स्नायू, फोमची छाती आणि स्प्रेपेंटचा मुलामा दिलेले नरकासुर स्पर्धांत उभे राहतात. कारागिरी थक्क करते, हे मी मनापासून मानते. पण ते जळताना काळा, घशाला झोंबणारा धूर सोडतात आणि अर्धेमुर्धे वितळून रस्त्याला चिकटतात. अभ्यंगस्नानाआधीच्या त्या हवेत लहान मुले, म्हातारी माणसे उभी असतात. जे जळायचे आहे त्याला टिकण्याची औषधे पाजणे मला फार चुकीचे वाटते. कागदाचा असुर लालभडक, उंच जळतो, दारूकाम फुटते आणि थोड्या वेळात सळ्या तेवढ्या उरतात. सळ्या पुढच्या वर्षीच्या. राख तुळशीच्या नाही, पण अबोलीच्या कुंडीत जाते.

पूर्वी मुखवटा घरी करत, मातीच्या उठावावर कागद चढवून. आता म्हापशाच्या किंवा पणजीच्या बाजारात तयार मुखवटे टांगलेले असतात आणि लहान मुलांचे नरकासुर बहुतेक त्यांवरच उभे राहतात. विकणाऱ्यांची वर्षाची कमाई त्यात असते, त्यांच्याकडून जरूर घ्यावेत. आमच्याकडे मोठ्या असुराला विकतचा मुखवटा असतो. पण छोट्याचे तोंड घरचे, चतुर्थीनंतर गणपती घडवणाऱ्या चित्रशाळेतून मागून आणलेल्या उरलेल्या मातीवर घडवलेले. मातीवर आधी नुसत्या पाण्याने भिजवलेल्या कागदाचा एक थर द्यायचा, मग खळीचे. म्हणजे मुखवटा अलगद सुटतो आणि माती पुन्हा कामाला येते. त्याच मातीवर दुसऱ्या दिवशी चेटकिणीचे नाक घडते. असुराचे नाक मोडून, लांब करून.

गेल्या वर्षी, २०२५ साली, नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला झाली आणि हॅलोविनला मध्ये ११ दिवस मिळाले. मुलांनी आधी जाळले, मग टिकवले. यंदा नरकचतुर्दशी नोव्हेंबरमध्ये आहे, म्हणजे क्रम उलटा. टिकायच्या वस्तू पावसाच्या शेपटीत वाळवाव्या लागणार, आणि जळायच्या वस्तूंना कोरडी हवा मिळणार. म्हणून विसर्जन झाले की लगेच पट्ट्या फाडायला बसायचे असे ठरले आहे. वजनाची वही तयार आहे. अंड्यांचे ट्रे दोन घरांनी राखून ठेवले आहेत आणि आंटी स्वतःकडचे इंग्रजी पेपर देणार आहे. चेटकीण यंदा माणसाच्या उंचीची हवी म्हणून मुले हटून बसली आहेत, तेव्हा पुट्टीचा डबा आणि चार गोणपाट लागतील. गोणपाट जरा जास्तच आणायला सांगितले आहेत, आठवड्याने नरकासुराला लागतीलच.